हलक्या बोनेटला दोन हात लागतात

नाही, तसं नका उचलू. मधे हात घालून उचललं की फायबरला आतून चीर जाते — वरून दिसत नाही, दोन महिन्यांनी रंगावर केसासारखी रेघ येते आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, सुकदेवनं रंग कच्चा मारला. कडेनं धरा. तुम्ही त्या कोपऱ्याला, मी या. हां. उचला. बघा, आहे काही वजन? काहीच नाही. तुमचं जुनं काढताना दोघांच्या कमरा वाकल्या आणि हे — हे रत्ना, माझी बायको, एकटी घरात नेऊन ठेवेल, परातीसारखं. ठेवा इथे गोणपाटावर. उताणं. उशीर झाला मला, काय करू, मोठे वॉशर दोन दुकानांत नव्हतेच, शेवटी आग्रा रोडला मिळाले. तुम्ही बसला होतात ना तिकडे गेटजवळ, माझ्या वडलांपाशी, आबांपाशी? चहा दिला का रत्नानं? — बरं. आबा बोलले तुमच्याशी? खरंच? काय बोलले? — पाणी विचारलं. आणि? — असू द्या, असू द्या. मला आपलं नवल वाटलं. आबा कुणाशी बोलत नाहीत. अर्धा अर्धा दिवस त्या सीटवर बसून असतात, बोलत नाहीत. ती सीट ना? अँबॅसिडरचीच, मागची. आमच्या गाडीची.

आता हे बघा, तेजसभाऊ, तुम्ही तयार बोनेट मागवलं, ठीक आहे, माल चांगला आहे, जाडी एकसारखी आहे, मी बोट फिरवून पाहिलं. पण ज्यानं बनवलं त्यानं तुमची गाडी पाहिलेली नाही. तुमच्या आजोबांची गाडी — पंचेचाळीस वर्षांची ना? — तर पंचेचाळीस वर्षांत तिचं तोंड थोडं डावीकडे गेलंय. कुठं ना कुठं ठोकर खाल्लीय तिनं. म्हणून भोकं जुळणार नाहीत. जुळली नाहीत म्हणून आपण भोक मोठं करायचं, बोनेट ओढायचं नाही. पत्रा ओढला तर ऐकतो, फायबर नाही ऐकत. ते त्या दिवशी गप्प बसतं आणि नंतर तडकतं. आणि नट एकदम आवळायचे नाहीत — दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे, आणि खाली हा मोठा वॉशर, म्हणजे दाब एका जागी पडत नाही. द्या तो तेराचा पाना. नाही, तो नाही, त्याच्या शेजारचा.

फोनवर मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. तीनदा म्हटलं. आठवतंय ना? म्हटलं, नाशिकला जा, संभाजीनगरला जा, धुळ्यात हे काम होत नाही. खोटं सांगितलं. होतं. मीच करायचो. आता नाही करत. पण तुम्ही आज सकाळी गाडी घेऊन दारात उभे, आणि ते गंजलेलं बोनेट नायलॉनच्या दोरीनं बांधून — चाळीसगावपासून इथपर्यंत दोरीवर आलात तुम्ही! मला ते पाहवलं नाही. तुम्हाला परत पाठवलं असतं तर दोरीवरच गेला असता ना. म्हणून घेतलं काम. नाहीतर नसतं घेतलं.

ते? भिंतीला टेकवलेलं? ते आमच्या गाडीचं बोनेट. असली पत्रा. उचलून बघा — नका बघू, पाठ धरेल. गाडी? गाडी नाही आता. गाडी भंगारात गेली. बोनेट राहिलं, कारण ते तेव्हा गाडीवर नव्हतं. गाडीवर फायबरचं होतं. मी बनवलेलं.

सांगतो ना, हात चालू आहेत तोवर सांगतो. तुम्हाला कळलेलं बरंच, तुम्ही हीच गाडी चालवणार. आबांनी अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवली, धुळे ते जळगाव, काळी-पिवळी. पारोळा, एरंडोल, रस्त्यावरचा एक एक चहावाला त्यांना नावानं ओळखायचा, ‘सुपडूआबा आले’ म्हणायचा. मग टॅक्सी बंद केली, गाडीला पांढरा रंग मारला — मीच मारला — आणि गाडी घरची झाली. पण सवय जात नाही ना माणसाची. रोज सकाळी सात वाजता बोनेट उघडायचं, रेडिएटरचं पाणी बघायचं, ऑइलची पट्टी ओढून बघायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची. गाडी कुठं जाणार असो नसो. आईचं तुळशीचं जसं, तसं आबांचं ते. मग एका पावसाळ्यात या शेडवर ताडपत्री टाकायला चढले आणि पडले. उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, पण हात छातीच्या वर जाईना. स्टिअरिंग खालून धरून गाडी चालवायचे व्यवस्थित, गिअरला तर डावाच हात लागतो — पण बोनेट? ते भिंतीजवळचं एका हातानं कोण उचलणार? पैलवान पण नाही उचलणार.

तर काय करायचे माहितीय? मला हाक नाही मारायचे. गाडीसमोर उभं राहून खोकायचे. नुसतं खोकायचे. मी आत दात घासत असायचो. आई म्हणायची, ‘अरे सुकदेव, ऊठ ना भाऊ, तुन्हा बाप कव्हयना खोकी ऱ्हायना.’ मग मी जाऊन बोनेट उचलून द्यायचो, रॉड लावून द्यायचो, ते माझ्याकडे न बघता पाणी बघायचे. मी थांबायचो, परत लावून द्यायचो. धप्प. झालं. एक वर्ष हे चाललं. वर्षभर माझा बाप रोज सकाळी खोटा खोकला. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी म्हटलं, बनवू. साचा त्याच बोनेटवरून काढला. मेण लावलं, फायबरची मॅट टाकली, रेझिन, परत मॅट. आठ दिवस लागले, आठही दिवस वासानं डोकं दुखायचं. नवव्या दिवशी बसवलं. आबांनी डाव्या हातानं धरलं आणि जुन्या सवयीनं असा जोर लावला की ते हातातून सुटून काचेवरच आपटलं असतं — मी धरलं वरच्या वर. हसले आबा. एवढे हसले! आईनं बोनेटला हळदकुंकू लावलं, नवी गाडी आल्यासारखं. गल्लीतली माणसं येऊन एका बोटावर उचलून बघायची. मला पण — काय सांगू — मला पण वाटलं होतं, आयुष्यात एक काम आपण बरोबर केलं.

चूक कुठे झाली सांगू? मी आठ दिवस उचलायचा विचार केला. लावायचा केलाच नाही.

हे ऐका, हे महत्त्वाचं आहे, मोबाइल ठेवा जरा. पत्र्याचं बोनेट तुम्ही वीतभर उंचीवरून सोडता. हात काढून घेता. ते आपल्या वजनानं खाली येतं, धप्प आवाज होतो आणि लॉक लागतं. सगळे तसंच करतात. मी बारा-तेराचा होतो तेव्हापासून तसंच करत आलो, दिवसाला दहा वेळा. हाताला सांगावं लागत नाही. पण हे हलकं — हे सोडलं ना, तर येतं खाली, बसतं जागेवर, दिसतं पण बरोबर, गॅप बिप एकदम सरळ. पण लॉक लागलेलं नसतं. वजनच नाही तर लागणार कसं? नुसतं टेकलेलं असतं. याला वरून दाबावं लागतं. असे दोन तळहात, एक इकडच्या कोपऱ्याला, एक तिकडच्या, आणि दाबायचं. एकाच हातानं मधोमध दाबलं तर मधे दबतं आणि कडा वर येतात. दोन हातच लागतात. आणि धप्प नाही होत. टक होतं. बारीक. शेजारी कुणी बोलत असलं तरी ऐकू येत नाही इतकं बारीक. तो टक ऐकल्याशिवाय गाडीची चावी फिरवायची नाही. समजलं? — नाही, तुम्ही मान हलवली, पण तुम्ही विसरणार. सगळे विसरतात.

ही लोखंडी पट्टी बघा, ही मी लॉकच्या मागे आतून देतोय, म्हणजे लॉकचा ओढा फायबरवर येणार नाही. आणि पुढे कोपऱ्यांत दोन पिना. लॉक सुटलंच तर पिना धरतील. मूळच्या बोनेटला एक जादा हूक असतो त्यासाठीच — आमच्याला मी तो लावला नव्हता. फायबरमध्ये हूकचे स्क्रू धरत नव्हते. म्हटलं, करू पुढच्या आठवड्यात, पट्टी टाकून. आबांनी दोनदा विचारलं होतं हूकचं. — दोनदा.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. तुमच्या चाळीसगावकडेही असते तेवढीच मोठी, तुम्हाला काय सांगायचं. आईचं माहेर चोपड्याकडे. भाऊ केळीवाला, मोठा गोतावळा. सहासष्ट वर्षांची बाई, नातवंडं कॉलेजात, पण आखाजी म्हटली की माहेरी जाणारच. झोका खेळायची अजून, खरं सांगतो. दोन दिवस आधीपासून सांजोऱ्या तळल्या, डबा भरला, नवं पातळ नेसली. म्हणाली, गाडीनं जायचं, एसटीनं नाही, माझ्या माहेरी माझ्या गाडीनं जाईन. तर दहाच्या सुमाराला निघाले दोघं. अमळनेर ओलांडलं. पुढे रस्ता मोकळा, समोरून एक मोठा ट्रक आला, त्याचा वारा लागला, आणि बोनेट उडालं. सरळ काचेवर. हलकं ना, पूर्ण उघडलं एका झटक्यात. पुढचं सगळं पांढरं. आबांनी ब्रेक मारला, पण गाडी डावीकडे गेली, बाभळीवर. आई डावीकडे बसली होती. मागून केळीचा ट्रक येत होता, त्या लोकांनी काढलं दोघांना. आबांच्या डोक्याला मार होता. आईचं — आईचं तिथंच झालं.

नाही, पाणी नको मला. तुम्ही प्या. तो पाना धरा जरा, असा, हलू देऊ नका.

आबांनी लावलं होतं ना बोनेट. हो, आबांनीच. सकाळी पाणी बघितलं आणि एका हातानं लावलं, दाबता आलं नाही त्यांना. दवाखान्यात शुद्धीवर आले तर पहिलं वाक्य तेच. मी कॉटशेजारी उभा, पोलिस उभा, डॉक्टर उभे. आबा म्हणाले, ‘बोनेट मीच लायेल व्हतं.’ आई कशी आहे ते पण नाही विचारलं आधी. ‘बोनेट मीच लायेल व्हतं.’ दोनदा म्हणाले. पोलिसानं लिहून घेतलं. झालं. विषय संपला. माझी बहीण आहे, ज्योत्स्ना, साक्रीला दिलीय. दहाव्याला नदीवरून आलो आणि सगळ्या नातेवाइकांसमोर तिनं आबांना विचारलं, ‘हात चालत नव्हता तर गाडीला हात लावला कशाला?’  ती त्याच दुपारी गेली. तीन आखाज्या झाल्या, आलेली नाही. लेक आखाजीला बापाच्या घरी येत नाही म्हणजे काय, ते तुम्ही खानदेशातले आहात, तुम्हाला कळेल. मला फोन करते, रत्नाला करते, बोलते सगळं. आबांना फोन देऊ का म्हटलं की म्हणते, कुकर लावलाय, ठेवते. आता परत आठ दिवसांवर आखाजी. आबा त्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून त्या सीटवर बसतात. दुपारपर्यंत बसतात. मग सदरा काढून खुंटीला लावतात. यंदाही बसतील.

वाईट? काय माहीत. लोक विचारतात. मी म्हणतो, हो, वाईट वाटतं. पण खरं म्हणजे काही वाटत नाही. दिवसभर ग्राइंडर धरला ना हातात, की संध्याकाळी चहाचा ग्लास गरम आहे का गार तेच कळत नाही. तसं झालंय आतून. आई गेली तेव्हा रडलो नाही, गाडी भंगारवाल्यानं गॅसनं कापली तेव्हा इथंच उभा होतो, नुसता बघत होतो. काम करतो, जेवतो, झोपतो. झोप येते मला. रत्ना म्हणते, तुम्ही दगड झालात. असेल.

आबांचं तसं नाही. आबांना लागलंय ते मनाला. तुम्ही आता निघाल ना, तेव्हा बघा. या गॅरेजमधून गाडी बाहेर पडायची म्हटली की आबा उठतात. कोणतीही गाडी असो, मारुती असो, पिकअप असो. गेटमधे उभे राहतात, डावा हात वर करतात — थांब. मग बोनेटवर तळहात ठेवतात आणि दाबतात. मग बाजूला होतात. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा आशीर्वाद देतो. एक जण तर वाकून पाया पडला. मी काही सांगत नाही. मला माहितीय ते कशासाठी. त्यांना वाटतं, आपली चूक झाली, आपण त्या दिवशी दाबलं नाही. म्हणून चार वर्षं जगातल्या सगळ्या गाड्यांची बोनेटं दाबताहेत.

हं, आता इकडे या. हे बसलं बघा. गॅप बघा दोन्ही बाजूंचा. डावीकडे थोडा जास्त आहे, तो मी ठेवलाय, गाडी गरम झाली की जुळेल. आता लावून दाखवतो. म्हणजे आधी चुकीचं दाखवतो, मग बरोबर. हे बघा — वीतभर वर. आता हात सोडला. बघा. बसलं ना? शंभर टक्के लागलंय असं वाटतं ना? आता इथं नख घाला. आलं की नाही वर? लॉक लागलेलंच नाही. असंच झालं. अगदी असंच. रॉड काढला, हात सोडला, फोन कानाला, पिंपळनेरचं गिऱ्हाईक ओरडत होतं फोनवर गाडी कधी देतो म्हणून, त्यामुळे आवाज झाला का नाही झाला कुणाला ऐकू येणार —

काय?

कुणाच्या कानाला म्हणजे? आबांच्या. आबांनीच लावलं ना बोनेट, मग आबांच्याच —

नाही. आबांकडे फोन नव्हता. आबांकडे अजूनही नाही फोन.

द्या ते फडकं. द्या ना.

मी लावलं होतं. तेजसभाऊ, तुम्ही चाळीसगावचे, मी धुळ्याचा, आजच्यानंतर आपली गाठ पडेल न पडेल, म्हणून — नाही, असं काही ठरवून नाही सांगत, तोंडातून निघालं. निघालं तर निघालं. आबांनी पाणी बघितलं होतं, बोनेट रॉडवर उघडंच होतं. ते मागे डिकीत आईची पिशवी ठेवत होते, असं मला वाटलं. आई दारातून म्हणत होती, ‘सुकदेव, उशीर व्हयना, लाई दे ना भाऊ ते.’ मी आलो, कानाला फोन, एका हातानं रॉड काढला आणि सोडलं. पंचवीस-तीस वर्षांची सवय. मीच बनवलेलं बोनेट, मीच चार लोकांना शिकवलेलं दोन हातांनी दाबा म्हणून, आणि मीच हात सोडला. आणि वळून गेलो. आईनं काचेतून हात हलवला, तेव्हा पण मी फोनवर होतो. मी मान हलवली फक्त.

मग दवाखान्यात आबा म्हणाले, मीच लायेल व्हतं. मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो, उघडलं होतं. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, डोक्याला मार आहे, आठवणी इकडच्या तिकडे होतील, त्यांना आता उलटं काही सांगू नका. मी म्हटलं बरं. मला तेवढंच पाहिजे होतं. मग दहावं झालं. तेराव्याला सांगू, म्हटलं. मग ज्योत्स्ना तसं बोलून गेली. मग म्हटलं, आता सांगितलं तर ती म्हणेल, तेव्हा का नाही बोललास, बापाला एवढं बोलू दिलंस? मग वर्षश्राद्ध. मग दुसरं. मी कधीच ठरवलं नाही की सांगायचं नाही. रोज नुसतं त्या दिवशी सांगितलं नाही. आणि म्हाताऱ्याला खरंच वाटतंय, आपणच लावलं. माझ्या जागी तो बसलाय गेटवर इस्त्रीचा सदरा घालून. आणि मला काही वाटत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही. खरंच नाही वाटत. वाटलं असतं तर सांगितलं असतं.

चला. बोलण्यात वेळ जातो. तुम्हाला उजेडात पोचायचंय. आता बरोबर लावून दाखवतो, नीट बघा. खाली आणायचं, हात सोडायचा नाही, टेकवायचं. आता दोन तळहात. कोपऱ्याला. आणि — ऐका —

टक.

ऐकलंत? हाच तो. एवढाच. आता नख घाला, येतं का वर? नाही येत. आता पिना घालू, एक ही, आणि दुसरी — अरे, तुम्ही काय करताय? दाबलं की मी. तुमच्यासमोर दाबलं, दोन हातांनी, टक झालं, तुम्ही ऐकलं. परत कशाला दाबताय? माझ्यावर विश्वास नाही का? — नाही, रागावलो नाही. पण तुम्ही माझी पाठ वळल्यावर दाबलं, मी बघितलं काचेत. समोर दाबायचं ना. असं चोरून कशाला?

कुणी सांगितलं?

आबांनी? आज सकाळी? मी वॉशर आणायला गेलो तेव्हा?

काय म्हणाले? — नाही, असं नाही. ‘नीट बघून घ्या’ असं आबा म्हणणार नाहीत, ते असं शहरी बोलत नाहीत. काय म्हणाले ते तसंच सांगा. त्यांच्या शब्दांत. तुम्हाला अहिराणी येते, मला माहितीय, मघाशी रत्नाशी बोलत होतात. सांगा ना, भाऊ. हळू सांगा.

‘मन्हा पोऱ्या हात सोडी देस.’

असं म्हणाले. — पुढे?

‘बाकीन्या गाड्या मी दाबी लेस. पन हाई हलकं शे, याले दोन हात लागतस आनि मन्हा एकच शे. तो मांगे वळना का तू दाबी ले. त्याना समोर दाबू नको. त्याले वाईट वाटी.’



बोनेट खाली आलं की काचेतून समोरचं दिसतं ना. उघडं असलं तर दिसत नाही, खाली आलं की दिसतं. समोर उभा असलेला माणूस दिसतो. त्याचे हात दिसतात.

ते डिकीपाशी नव्हते. स्टिअरिंगवर बसले होते.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मार आहे. काही मार नव्हता डोक्यात. सगळं ठीक होतं त्यांच्या डोक्यात.

पिना मी घातल्या, दोन्ही. ही चावी. आजच्या दिवस साठच्या वर जाऊ नका, शिरूडपर्यंत गेलात की एकदा थांबून नट बघा. दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे. नाही, काही नको, पैशांचं नंतर बघू, फोनवर बोलू. नाही म्हटलं ना. तुम्ही बसा गाडीत. चालू करा.

गेटवर आबा थांबवतील तुम्हाला. थांबा. त्यांना सांगा, सुकदेवनं दोन हातांनी — नाही. नको. काही सांगू नका तुम्ही.

गाडी इथंच बंद करा दोन मिनिटं. आधी मला जाऊ द्या गेटपर्यंत.